वर ऊन आहे का?

घर्र... घर्र... घर्र!

दुपारच्या सामसूम घरात हा आवाज माझाच, मित्रांनो. मी जहाजावरचा एक जुना टेलिफोन आहे. सध्या मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या शेजारी. घरातली चिमुरडी स्टुलावर चढून माझं हँडल फिरवते आणि ओरडते, "बाबा, वर ऊन आहे!" मग कान लावून बसते. पण माझं हँडल फिरवलं की घंटी वाजते ती तारेच्या दुसऱ्या टोकाला. आणि माझी तार तर वीतभरच उरली आहे.

तिचे बाबा जहाजावर फिटर. कारखान्यातून जाड लोखंडी कवच घालून निघालो तो मी थेट त्यांच्या इंजिनरूममध्ये, जहाजाच्या पार पोटात. माझा जोडीदार वर, सुकाणूच्या खोलीत. मला वीज लागत नसे. माणूस बोलला की त्याच्या आवाजाच्या जोरावरच शब्द तार चढून जात. बाबा यंत्रांचे आकडे माझ्यातून वर कळवत.

"काय पाताळवासी, आहात ना?" सुकाणूवाले काका विचारत.

"आहोत, आहोत! तेलाचा दाब ठीक. डावा पंप जरा तापलाय. वर ऊन आहे का हो?"

"आहे की. पाठवू बादलीभर?"

"झाकण लावून पाठवा, वाटेत सांडेल!"

आकडे संपले तरी हा प्रश्न ठरलेला. खाली खिडकी नव्हती ना!

मग जहाजावर बिनतारी जाळं आलं. पोलादी भिंती लहरींना अडवतात, म्हणून मजल्यामजल्यावर पांढऱ्या पेट्या बसल्या. यंत्रांचा ताप, तेलाचा दाब, सारं आपोआप वरच्या पडद्यावर दिसू लागलं. खोटं कशाला बोलू? एकदा कोणाच्या हाताला चटका कळायच्या आत त्या पेट्यांनी तापता पंप हेरला आणि आग टळली. मीही मनातल्या मनात शाबासकी दिली. पण मला उचलायचं कोणाला कारण उरलं नाही. बाबांच्या जोडीला असलेला दुसरा फिटरही काम उरलं नाही म्हणून बोट सोडून गेला. मी भंगारात जाणार, तेवढ्यात बाबांनी मला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. सुट्टीभर लेकीला आमचं ते वर-खालचं बोलणं सगळं करून दाखवलं, अगदी उन्हाची बादलीसुद्धा. मग ते पुन्हा बोटीवर गेले.

मित्रांनो, नव्याचा मला राग नाही. रविवारी बाबा आईच्या मोबाइलवर दिसतात, ते त्याच जाळ्याच्या कृपेने. एवढंच सांगतो, आपल्या माणसाला काही काम नसतानाही हाक मारत जा. कामापुरतं तर आता यंत्रंही बोलतात.

परवा आईने मोबाइलवर विचारलं, "काम हलकं झालं का हो?"

"एकदम! दिवसभर कोणाशी बोलायचीसुद्धा गरज पडत नाही," म्हणत बाबा हसले. आई हसली नाही. चिमुरडी शेजारीच बसून ऐकत होती.

आज हँडल फिरवून फिरवून ती दमली. रिसीव्हर छातीशी धरून तिने शेंगा सोलणाऱ्या आईकडे पाहिलं.

"आई, मग आता वर ऊन आहे की नाही, ते बाबांना कोण सांगतं?"