होळीआधी काढलेला कूलर

पहिलं पार्सल मी उचललं. दुसरंही मीच, अन् तिसरंही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे म्हातारीला आठवत नाही असं कोणी म्हणायला नको. मला सगळं आठवतं. चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाकडं असेल, डोकं वाकडं नाही.

आमचं घर अकोल्याला, डाबकी रोडला. मालक, म्हणजे भगवंतराव, गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घर माझ्या शब्दावर चालतं. मुलगा शिवम कॉलेजात क्लार्क, सून आरती बँकेत. दोघं साडेनऊला जातात, सहाला येतात. दिवसभर घरात मी एकटी. पार्सलवाला बेल वाजवायचा, मी उठत नव्हते. मी काय त्यांच्या खोक्यांची चौकीदार? तो ओट्यावर ठेवून जायचा.

त्या पहिल्या खोक्यात कुरडया होत्या. वर चित्रच होतं. ज्या घरात मी चाळीस उन्हाळे गव्हाचा चीक शिजवला, अर्धी गल्ली वाटी घेऊन माझ्या हातचा चीक खायला उभी राहायची, त्या घरात सुनेनं फोनवरून कुरडया मागवल्या. मला न विचारता. मी खोकं उचललं अन् मागच्या पडवीत कूलरच्या पोटात टाकलं. दिवाळी झाली की आम्ही कूलरला जुनं लुगडं गुंडाळून ठेवतो, ते होळी जळाल्यावरच सोडतो. होळीच्या आधी कूलर काढायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. सासूनं घातला, मी पाळला. त्याच्यापेक्षा पक्की जागा घरात दुसरी नव्हती.

संध्याकाळी आरती विचारायला आली. "आई, ओट्यावर काही आलं होतं का?"

"मले काय मालूम? मी काय ओटा राखत बसतो?"

पंधरा दिवसांनी दुसरं गेलं. त्यात काय होतं ते मी पाहिलंही नाही. गल्लीत बोंब झाली की पार्सलचोर आले. समोरची सीमा तर रात्री गेटला साखळी बांधायला लागली. मला हसू यायचं.

मग शिवमनं पुढच्या दाराला नंबराचं कुलूप बसवलं. कॅमेराही लावणार होता, पण आरती म्हणाली, "घरात कॅमेरा नको, मी गाऊनवर फिरते." तिच्या त्या गाऊननं माझं काम केलं.

"आता ओट्यावर काही ठेवायचं नाही," शिवम म्हणाला. "नंबर दाबून ती आत येईल, स्टुलावर पार्सल ठेवेल, फोटो काढेल, दार ओढून जाईल. तुला उठायचं काम नाही, आई."

"ती? ती कोण?"

"वर्षाली. आपल्या बेबीताईची पोरगी. या लाइनचं सगळं आता तीच वाटते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

बेबीनं आमच्याकडे वीस वर्षं भांडी घासली. मागच्या गेटनं यायची, मोरीवर बसायची, मागच्या गेटनं जायची. मोरीच्या अलीकडे तिनं कधी पाय टाकला नाही. मी कधी सांगितलं नव्हतं, तिला कळत होतं. तिचा कप वेगळा, पडवीतल्या कोनाड्यात. अन् गेल्या आखाडीत ती माझ्यासमोर उभी राहून म्हणते, "माई, आता नाई जमत. पोरगी कमावून राहिली. ते म्हणते, माय, आता कोनाची भांडी घासाची नाई." जाताना कोनाड्यातला कपही घेऊन गेली.

तिची पोरगी आता माझ्या पुढच्या दारानं येणार. नंबर दाबून. तो नंबर आरतीनं तिला दिला. मला तर तो कोणी सांगितलासुद्धा नव्हता.

पहिल्या दिवशी आली तेव्हा मी दिवाणावर बसले होते. कुलूप टुकटुक वाजलं अन् दार उघडलं. अंगात कंपनीचं जाकीट, पाठीवर हा एवढा थैला.

"नमस्कार आजी. स्टूल कोनता?"

"दारातूनच ठेव."

"फोटोत घर दिसाले लागते आजी, नाईतर कंपनी मानत नाई." तिनं चप्पल काढली, आत आली, ठेवलं, फोटो काढला. मग म्हणाली, "घोटभर पानी भेटन काय?"

"नळ मागे आहे. तुह्या मायले माहीत आहे कुठी ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मला ते हसणं आवडलं नाही. घाबरली असती तर कदाचित मी सोडूनही दिलं असतं.

"राहू द्या आजी," ती म्हणाली. "पुढच्या घरी पितो."

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. आला की बायका गॅसवरचं दूधसुद्धा सोडून मागे पळतात, हे सगळ्या अकोल्याला ठाऊक आहे. पौषातल्या एका मंगळवारी नळ आला अन् त्याच वेळी कुलूप वाजलं. मी मागे पाइप धरून उभी. वर्षालीनं पार्सल ठेवलं, फोटो काढला, दार ओढलं. तिची गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला. मग मी पाइप टाकीत सोडला, आत आले, पार्सल उचललं अन् कूलरच्या लुगड्याची गाठ सोडली.

संध्याकाळी आरतीच्या फोनवर स्टुलावरच्या पार्सलचा फोटो होता. घरातल्या स्टुलावर काही नव्हतं.

"आई, तुम्ही कुठे होता?"

"नळावर. मी काहीच नाई पाहिलं वो. पन तिनं फोटो काढला, अन् फोटो काढून परत उचललं असन. कोन पाहते? नंबर तर तुमीच देल्ला."

एवढंच बोलले मी. बाकीचं आरतीनं केलं. कंपनीला तक्रार लिहिली. गल्लीच्या ग्रुपवर वर्षालीचा फोटो टाकला अन् खाली लिहिलं, हिला घरात घेऊ नका. तिसऱ्या दिवशी पोरीचा आयडी बंद झाला. आयडी बंद म्हणजे काम बंद, दुसऱ्या कंपनीतही घेत नाहीत.

आठ दिवसांनी बेबी मागच्या गेटला उभी.

"माई, माह्या पोरीनं नाई घेतलं."

"मी कुठी म्हटलं तिनं घेतलं? कंपनी म्हनते."

"पोरगी जेवून नाई राहिली." मग म्हणाली, "भांड्याले बाई ठेवली काय?"

"नाई. तुह्यासाठीच ठेवली होती मोरी."

ती बसली. कप आणायला विसरली होती, म्हणून मी तिला नारळाच्या करवंटीत चहा दिला. प्यायली. मी पडवीत बसून पाहत होते, अन् खरं सांगते, त्या दिवसाचा चहा मला कधी नव्हे तो गोड लागला.

पण यंदा ऊन माघातच पेटलं. एका रविवारी मी विठ्ठल मंदिरात कीर्तनाला गेले होते. आरतीला घाम सहन होईना. तिनं बेबीला सांगितलं, "बेबीताई, कूलर धुवून काढा आजच." नेम मोडायला तिनं मला विचारलं नाही. कुरडया मागवतानाही विचारलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा बेबी पुढच्या खोलीत उभी होती. मोरीच्या अलीकडे, स्वयंपाकघराच्याही अलीकडे, ओल्या पायांनी माझ्या फरशीवर. स्टुलावर तीन खोकी होती, एकावर एक. शिवम अन् आरती भिंतीला टेकून उभे.

बेबीनं पदराच्या गाठीतून फोन काढला, अन् खोक्यांचा फोटो काढला.

"माह्या पोरीनं इथंच ठेवलं होतं नं, माई? ते तिसरं?"

मी म्हटलं, "हो. इथंच."

मी खोटं बोलू शकले असते. पण खोटं बोलायचं ते बरोबरीच्या माणसाशी, बेबीशी नाही.

"तर मंग कंपनीले सांगा," बेबी म्हणाली. "एक फोन करा, आरतीताई. तक्रार तुमची आहे. तुमी वापस घेतली तर पोरीचं काम भेटते."

आरतीनं शिवमकडे पाहिलं. "मी बँकेत आहे. खोटी तक्रार केली असं लिहून देऊ? माझ्या नोकरीचं काय?"

"तिची पन नोकरीच होती," बेबी म्हणाली.

"बेबीताई, आपण बघू काहीतरी," शिवम म्हणाला. माझा मुलगा अडचणीत सापडला की असाच बोलतो, बापासारखा.

बेबी माझ्याकडे वळली. "मंग तुमी चाला, माई. अमरावतीले त्यांचा साहेब बसते. तुमच्या तोंडानं सांगा."

"मी? तुह्या पोरीसाठी साहेबापुढे उभी राहू? भांडी झाली असतील तर जाय."

ती गेली. पुढच्या दारानं गेली. दार तिनं ओढलंही नाही.

तिसऱ्या खोक्यात गुडघ्याचे पट्टे होते. आरतीनं माझ्यासाठी मागवले होते. तिनं ते माझ्यापुढे ठेवले. मी बांधून पाहिले. चांगले होते, घट्ट बसत होते.

तीन दिवसांनी सीमा फाटकाशी आली अन् बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडली, "आजी! मला ओळखलं का? मी सीमा!"

"तुह्या बारशाचं जेवण मी रांधलं आहे, टवळे! कावून ओरडते?"

तिनं डोळे पुसत फोन दाखवला. ग्रुपवर आरतीनं लिहिलं होतं: "पार्सल घरातच सापडले. आईंना अलीकडे विसरण्याचा आजार झाला आहे. वस्तू कुठेही ठेवतात. कृपया समजून घ्यावे." खाली हात जोडलेली पंचवीस चित्रं.

मी आरतीला स्वयंपाकघरात गाठलं. "मी इसरली नाई. मी जानूनबुजून ठेवलं. लिही तसं."

"आई, चोर म्हणवून घ्यायचंय का या वयात? त्यापेक्षा आजार बरा. घराचं नाव राहतं." माझ्या हातातलं उलथणं तिनं काढून घेतलं. "अन् गॅसजवळ नका येत जाऊ आता. लोक पाहतात."

चोर म्हटलेलं मी सोसलं असतं. चोराला अक्कल असते. मला बिनडोक म्हटलेलं चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टे बांधले, आरतीला तोंडावर सांगितलं की साहेबाले खरं सांगाले चालली, अन् बेबीच्या घरी गेले. जुन्या शहरात, नाल्याच्या कडेला. वर्षाली दारात कपडे धूत होती.

"चाल अमरावतीले," मी म्हटलं. "दोघी चाला. सांगतो मी साहेबाले."

वर्षालीनं हात पुसले. हसली नाही ह्या वेळेस. "खरंच सांगसान आजी?"

"मी काय खोटं सांगायले एवढ्या उन्हात येऊन राहिली?"

एसटीत तिघी एका सीटवर बसलो. मूर्तिजापूरला बेबीनं पाण्याची बाटली पुढे केली. मी ती प्यायले. लिहायचंच आहे तर हेही लिहिते.

साहेब तरुण होता, एसीत बसला होता. मायलेकी बाहेर थांबल्या. मी उभ्यानंच सांगितलं, "ते पार्सल मी उचललं. पोरीनं नाई. तिच्या मायनं माही मोरी सोडली म्हणून उचललं. कूलरमधी लपवलं. लिहून घ्या, मी सही करतो."

तो खुर्चीवरून उठला अन् मला बसवलं. "आजी, पाणी घ्या. तुम्ही निघाल्याचं सूनबाईंनी सकाळीच फोन करून कळवलं. काळजी करत होत्या."

"मले काई झालं नाई."

"नाही, नाही. आज वार कोणता, आजी?"

"गुरुवार. माघ वद्य दशमी. उद्या एकादशी, बाप्पा!"

"छान," तो म्हणाला, लेकराला म्हणावं तसं. "अन् पार्सलमध्ये काय होतं?"

मी लुगडं जरा वर करून पट्टा दाखवला. "हे."

त्याला हसू आवरेना. "म्हणजे तुमच्याचसाठी आलं होतं अन् तुम्हालाच मिळालं. मग चोरी कसली, आजी?" मग दाराकडे बघून हळूच म्हणाला, "त्या मुलीनं आणलं ना तुम्हाला इथं? काय काय बोलायचं ते शिकवून?"

मी टेबलावर हात आपटला. जेवढी ओरडले तेवढी मी त्याला आजारी दिसत गेले, ते त्याच्या डोळ्यांत मला वाचता येत होतं. शेवटी त्यानं वर्षालीला आत बोलावलं अन् माझ्यासमोर तिला सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाचा असा फायदा घेतला तर पोलिसांत देईन. परत इथं दिसायचं नाही."

पाठीवर थैला नसतानाही वर्षालीचा खांदा एका बाजूला वाकला होता.

बसस्थानकावर बेबीनं मला अकोल्याच्या गाडीत चढवलं. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "आमी नाई येत. माही बहीन आहे इथं. पोरीले इथंच काहीतरी पाहतो."

"अन् भांडी?"

"तुमची तुमी घासा."

मग ती पुढे गेली अन् कंडक्टरशी बोलली. मला सगळं ऐकू येत होतं, कान माझे पक्के आहेत.

"दादा, त्या म्हातारीले अकोल्याले उतरवून द्या. मधातच उतरन नाईतर. तिले ध्यान नाई राहत."

मी खिडकीतून ओरडले, "बेबी! तुले तं माहीत आहे!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

कंडक्टर आला, वाकला, मोठ्यानं म्हणाला, "आजी, कुठं जायचं माहीत आहे ना?"

"अकोला," मी म्हटलं.

त्यानं खरंखोटं करायला खिडकीबाहेर बेबीकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली, तेव्हा त्यानं तिकीट फाडलं.