नळाच्या पाण्याचं रक्त

त्या दिवशी कोइनेतच्या वस्तीवर गुरं सोडायचीच राहिली. ऊन माथ्यावर आलं तरी ती कुंपणात हंबरत होती आणि बाया-बापे, म्हातारेकोतारे सगळे बाभळीखाली दाटी करून उभे होते. मधोमध पार्मुआत होता. अंगावर माकडाच्या कातड्याची झूल, हातात शेपटीची चवरी. स्वतःला लायबोन, म्हणजे देवऋषी, म्हणवायचा. पूर्वजांशी आपलं रोजचं बोलणं आहे, असं त्याचं सांगणं.

समोर पाण्याने भरलेले दोन वाळके, पोकळ भोपळे होते. एकात डोंगरापलीकडच्या तळ्याचं पाणी, दुसऱ्यात नव्या नळाचं.

"धरणी म्हणजे कोण?" पार्मुआत गरजला.

"आई!" लोक म्हणाले.

"आईच्या पोटात कुणी लोखंड खुपसतं का? आपल्या वाडवडिलांनी कधी जमीन खणली? गवत गाईंचं, माती गवताची! आणि तुम्ही? शहरातली संस्था आली, गरगर यंत्र फिरवलं, आईच्या आतड्यापर्यंत भोक पाडलं आणि वर नळ बसवून टाळ्या पिटल्या! बघा आता!"

त्याने पहिल्या भोपळ्यात हिरव्या गवताची काडी फिरवली आणि थोडं पाणी पांढऱ्या थाळ्यात ओतलं. तळ्याचं पाणी नेहमीसारखं गढूळ होतं, पण पाणीच होतं. मग त्याने नळाच्या भोपळ्यावर आपलं चामड्याचं झाकण दाबून बसवलं, भोपळा खाली डोकं वर पाय केला आणि डोळे फिरवत सात वेळा खळाखळा हलवला. दुसऱ्या थाळ्यात धार पडली ती लालभडक.

बाया किंचाळल्या. वस्तीतले सगळ्यांत वयोवृद्ध लेमाशोन आजोबा अपशकुन टळावा म्हणून छातीवर थुंकले.

सगळ्यांत जवळ नेम्पिरिस उभी होती, कारण भोपळे हातात द्यायचं काम तिचंच होतं. ती किंचाळली नाही. तिला बरं वाटलं होतं. आता का, ते सांगायलाच हवं.

नेम्पिरिस कोइनेतची थोरली बायको. वीस वर्षं तिने पाठीवर पाणी वाहिलं. तळ्यावर जायला पहाट, यायला दुपार. पाठीला पडलेला घट्टा ती अंघोळीच्या वेळी कुणाला दिसू द्यायची नाही. आणि नळ आला तेव्हा संस्थेच्या लोकांनी बायांची समिती केली, तर प्रमुख कोण? सेमेयान! धाकटी सवत, चार वर्षांपूर्वी आलेली, तळ्याची वाट जेमतेम पायाखालून गेलेली. का, तर तिला वाचता येतं. गुरांनी नळ मोडू नये म्हणून त्याला कुलूप होतं आणि किल्ली सेमेयानच्या गळ्यात, मण्यांच्या माळेत. थोरलीने रांगेत उभं राहायचं आणि धाकटीने म्हणायचं, "थांबा हं थोरल्या बाई, आधी त्या म्हातारीचं होऊ दे." त्या "थांबा हं" ने नेम्पिरिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तशी ती आधीपासूनच मोजून बघणारी. नवऱ्याने धाकटीला शेळीची मांडी दिली की आपल्याला आलेली मांडी ती हातावर तोलायची. तिच्या घरी किती रात्री राहिला, आपल्या घरी किती, हेही तोंडपाठ. आता तर तिला जेवण गोड लागेना. शेवटी एक जाड शेपटीची मेंढी घेऊन ती तीन डोंगर ओलांडून पार्मुआतकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, तिच्या गळ्यातली किल्ली निघाली पाहिजे."

आणि आज ती निघत होती. तोंडचं पाणी पळालेली सेमेयान गर्दीसमोर उभी होती. नेम्पिरिसने तिच्याकडे पोटभर बघून घेतलं.

"जिच्या गळ्यात किल्ली, तिच्या डोक्यावर शाप!" पार्मुआत म्हणाला. "हिला आजच बापाच्या घरी धाडा. घरटी एक कालवड माझ्याकडे आणा, मी आईची जखम शांत करतो. आणि तो नळ दगडांनी बुजवा. पुन्हा त्यातून थेंब येता कामा नये!"

नेम्पिरिस दचकली. तिने किल्ली मागितली होती. नळ बुजवायला कुणी सांगितलं होतं?

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नळ राहू दे की."

"मध्ये बोलू नको. मेंढी दिलीस, काम झालं," तो दातांत पुटपुटला.

नेम्पिरिसने गर्दीत आपल्या रेसोनला शोधलं. दहा वर्षांची पोर. नळ आला म्हणून ती शाळेत जायला लागली होती. त्याआधी आईमागून पाण्याचा डबा वाहायची. नळ बुजला की उद्या पहाटे पुन्हा तळ्याची वाट. पाठीवरच्या डब्याचा तोच दोर कपाळाला, तोच घट्टा पाठीला. सवतीची किल्ली काढायला निघाले आणि पोरीला तळ्यात ढकलून बसले, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

पण करणार काय? समोर रक्त होतं. ती थाळ्याकडे बघत राहिली. गोठ्याच्या माश्या सगळ्यांच्या डोळ्यांवर, ओठांवर बसत होत्या. त्या लाल थाळ्यावर एकही नव्हती. प्यायला बैलाच्या मानेतून रक्त काढताना माश्या हाकलून हात दुखतात, आणि हे कसलं रक्त?

मग तिची जुनी खोड जागी झाली. याला काय दिलं, त्याला काय दिलं? तळ्याच्या पाण्यात नुसती गवताची काडी. नळाच्या पाण्याला मात्र झाकण, उलटं करणं, सात हिसके. वाटणी सारखी नव्हती!

"थांबा हं!" ती ओरडली. शब्द धाकटीचाच निघाला, पण आता इलाज नव्हता. "दोन्ही पाण्यांना सारखं करा. तळ्याच्या पाण्यालाही ते झाकण लावा आणि उलटं करून हलवा."

"तळ्याचं पाणी निष्पाप आहे," पार्मुआत म्हणाला. "त्याला कशाला छळायचं?"

"निष्पाप आहे तर घाबरतंय कशाला?"

कुणीतरी खुदकन हसलं. पार्मुआतने झाकण झुलीखाली घेतलं. लेमाशोन आजोबांनी काठी पुढे केली. "दे तिला. बाईमाणसाने झाकण लावलं म्हणून तुझे पूर्वज काही पळून जात नाहीत."

नेम्पिरिसने तळ्याच्या उरलेल्या पाण्यावर झाकण घट्ट बसवलं, भोपळा उलटा केला आणि खळाखळा हलवला. ओतला. लाल!

"अगं बाई, तळ्यालाही जखम झाली!" मागून एक म्हातारी म्हणाली आणि हशा उसळला.

झाकणाच्या आत चामड्याचं दुहेरी अस्तर होतं. नेम्पिरिसने त्याची शिवण नखाने उसवली, तशी ओलसर लाल भुकटी तळहातावर सांडली. आठवडी बाजारात टोपल्या रंगवायला पुडीत मिळते तीच. सरळ भोपळ्यात पाणी झाकणाला शिवत नाही. उलटा केला की रंग भिजतो आणि उतरतो. एवढीच ती आईची जखम.

"रक्त आहे ना? मग पी," लेमाशोन आजोबांनी थाळा पार्मुआतपुढे सरकवला. "आपण रक्त पिणारी माणसं."

पार्मुआतला एकदम घरची आठवण झाली. झूल सावरत तो निघाला. चवरी तिथेच राहिली.

"याला बोलावलं कोणी?" आजोबांनी विचारलं.

नेम्पिरिसला गप्प राहता आलं असतं. "मी," ती म्हणाली. "मला धाकटीच्या गळ्यातली किल्ली बघवत नव्हती. अजूनही बघवत नाही."

सेमेयानने डोळे पुसले. "मला घराबाहेर काढायला मेंढी दिलीत? मेंढी?"

"जाड शेपटीची होती!"

लोक पुन्हा हसले, पण त्या दोघी हसल्या नाहीत. आजोबा म्हणाले, "ऐका रे. खरा लायबोन असो की खोटा, संस्था असो की सरकार, जो कोणी काही दाखवेल त्याला या बाईसारखं विचारायचं. एकाला केलंस ते दुसऱ्यालाही करून दाखव. दाखवलं तर मानायचं, नाही दाखवलं तर कालवडी आपल्या आपल्याकडे ठेवायच्या. एवढी अक्कल देवाने गुराखी पोरालाही दिली आहे. ती फक्त वापरायची असते."

गुरं सुटली. बाया पांगल्या. नेम्पिरिस मात्र सेमेयानच्या समोरून हलेना.

"मलाही समितीत घे."

"तुम्हाला वाचता येत नाही, थोरल्या बाई."

"नाही येत," नेम्पिरिस म्हणाली. "पण आज इथे वाचता येणारी रडत उभी होती, आणि ज्याने तिला रडवलं त्याचं झाकण मी उसवलं."

सेमेयानने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग म्हणाली, "सोमवारी बैठक आहे. वेळेवर या."