लाल शिक्क्याची बातमी

लाल

बातमीवर लाल शिक्का म्हणजे या खोलीतलं या खोलीत. पिवळं असेल तर आपल्या कचेरीत नेता येतं, हिरवं धंद्यातल्या सगळ्यांना सांगता येतं. लाल मात्र उशीलाही नाही.

ठमी फोन कंपनीत सायबर सुरक्षा बघायची. दर महिन्याला सरकारी अधिकारी आणि बँक, वीज, फोन अशा कंपन्यांची माणसं मोबाइल बाहेर पेटीत ठेवून एका टेबलाशी बसत. पूर्वी कोणी कोणाला ताकास तूर लागू देत नसे. सरकारला कंपन्यांचा संशय, कंपन्यांना अब्रूची भीती. हे टेबल जमवायला वर्षं गेली होती, आणि जमवणाऱ्यांत ठमी होती.

"दवाखान्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये चोर शिरलेत," सरकारी साहेब म्हणाले. "आत्ता हुसकावले तर हाती लागणार नाहीत. थोडे दिवस नुसतं बघायचं."

"आणि दवाखान्यांना?" ठमीनं विचारलं.

"एकाला सांगितलं की गावभर होतं, मॅडम. लाल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठमीनंही.

लाल, फोनवर

दादा, तिचा सख्खा भाऊ, डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन. प्रोग्रॅम तोच. आईच्या माघारी दोघांना वाढवणारी मावशी त्याच्याच मशीनवर असायची.

"दादा, पेशंटचे आकडे कागदावर उतरवून ठेवता ना?"

"कागद? कुठल्या जमान्यात आहेस, ठमे?"

"ठेव रे."

"का? काही झालंय का?"

इकडे आड, तिकडे विहीर.

"काही नाही. असंच."

"असंच म्हणे! मावशे, ऐकलंस का, तुझी भाची आता माझी साहेबीण झाली!"

"तिला म्हणावं, आधी वेळेवर जेव," मावशी मागून ओरडली.

अजून लाल

शुक्रवारी सकाळी सेंटरचे सगळे कॉम्प्युटर बंद पडले. कोणाच्या अंगातून किती पाणी काढायचं हे ठरलेल्या वजनावरून ठरतं, आणि ती वजनं आत अडकलेली. दादानं एकेका पेशंटचं डॉक्टरांना फोन करून विचारलं. मावशीचं तेवढं विचारलं नाही. तिचा आकडा त्याला तोंडपाठ.

पण मावशी हल्ली जरा अंगानं भरली होती. डॉक्टरांनी आकडा वाढवला होता, नेमका दादाच्या सुट्टीच्या दिवशी. जुन्या आकड्यानं पाणी जास्त निघालं. रक्तदाब कोसळला, तो कोणाला वर आणता आला नाही.

अजूनही लाल, दादाच्या स्वयंपाकघरात

"सगळ्यांचं विचारलं, आपल्या माणसाचं नाही. मी मारली तिला."

वहिनीनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दादा कामावर जाईना, जेवेना, हात टेबलावर उपडे ठेवून बसे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

चोर सापडले होते. साहेबांनी टेबलाचं कौतुक केलं, आणि खटला उभा राहीपर्यंत शिक्का तसाच ठेवला.

ठमी दादासमोर बसली.

"तुझा दोष नाही, दादा. आम्हाला आधीच माहीत होतं. सरकारला, कंपन्यांना. मला."

त्यानं मान वर केली. तिला वाटलं, आता हा रडेल आणि मोकळा होईल.

"मी 'का' विचारलं होतं, ठमे."

"हो."

"काही नाही म्हणालीस."

"बोलले असते तर आम्ही सगळे एकत्र बसतो ते टेबल मोडलं असतं रे. पुढच्या वेळी कोणी कोणाला काही सांगितलंच नसतं."

"चोर पकडले?"

"पकडले."

"मग किती वाचले?"

"मोजता नाही येत. पुष्कळ."

"बरं झालं," दादा म्हणाला. टोमणा नव्हता. मनापासून म्हणाला, आणि तेच तिला सोसलं नाही.

"शिव्या दे ना मला."

"नको. तू जा आता."

"दादा..."

"रागावलो नाहीये. पण तू समोर असलीस की तो फोन ऐकू येतो."

ती उठली. चपला घालत होती तेवढ्यात आतून हाक आली, "ठमे!" तिचा जीव भांड्यात पडला.

"आले, दादा."

"दार ओढून घे."