वाजणाऱ्या दगडांची टेकडी

साडू हे नातं ज्यानं जोडलं, त्याला स्वतःला साडू नसावा. भावाभावांत निदान घराची वाटणी होते. साडूंमध्ये वाटून घ्यायला एकच सासरा असतो, आणि तो काही मधोमध कापता येत नाही.

घड्याळजीच्या हे बरीच वर्षं ध्यानात आलं नव्हतं, कारण बरीच वर्षं तो एकटाच जावई होता.

सासऱ्यांचा सगळा जन्म विजेचे मीटर वाचण्यात गेला होता. जिन्याखालचे अंधारे कोपरे बघून बघून त्यांचे डोळे इतके विटले, की निवृत्त झाल्यावर त्यांना फक्त मोकळं काहीतरी बघायचं होतं. बायको आधीच गेलेली, घरात एकटेच. अटी दोनच. सकाळी निघायचं ते दिवेलागणीला परत यायचं, आणि राज्याची हद्द ओलांडायची नाही. आपल्याच घरातल्या खोल्या बघून झाल्या नाहीत, शेजाऱ्याकडे कशाला डोकावायचं, असं त्यांचं म्हणणं.

अशा जागा शोधण्यात घड्याळजीचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचं दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि एक स्टूल. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून डोळ्याला भिंग लावलं, की तो सहज विचारायचा, तुमच्या गावाकडे बघण्यासारखं काय आहे हो? माणूस आधी म्हणायचा, छे, आमच्याकडे कसलं काय. पण झाकण परत बसेपर्यंत काहीतरी निघायचंच. असा त्याला पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीचा पत्ता लागला. आगगाड्या जायच्या बंद झालेला एक बोगदा कळला, त्यातून भर उन्हाळ्यात गार वारा यायचा. चारही बाजूंना चार वेगळ्या वेळा दाखवणारा एक मनोराही कळला, आणि तो बघून सासरे इतके हसले की त्यांना रस्त्याकडेला बसावं लागलं. प्रत्येक रविवारी स्कूटर, मागे सासरे, आणि दोघांच्या मध्ये डबा. आमच्या जावईबापूंना या राज्याच्या सगळ्या खिशांत काय दडलंय ते माहीत आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. घड्याळजी मान खाली घालायचा आणि मनातल्या मनात चार बोटं उंच व्हायचा.

मग धाकटीचं लग्न झालं, दातांच्या डॉक्टरशी.

हा साडू हसरा होता, आणि हसला की सगळे दात दाखवायचा, जणू दवाखान्याची पाटीच. त्याच्याकडे मोठी गाडी होती, घडीच्या खुर्च्या होत्या, चहाचा थर्मास होता. जागा शोधायला त्याला कोणाचं घड्याळ उघडावं लागत नव्हतं. फोनवर बोट फिरवलं की धबधबा, बोट फिरवलं की गुहा. सासऱ्यांचे गुडघे आताशा स्कूटरवर कुरकुरायचे. दोन रविवार गाडीतून गेले, तिसराही गेला, आणि घड्याळजीच्या स्कूटरची मागची सीट रिकामी पडली.

आयत्या बिळावर नागोबा, असं तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, बाबांना गाडीत आराम मिळतो, त्यात तुमच्या पोटात का दुखतं? पोटात दुखत होतंच. गुहेचे फोटो बघताना तो म्हणाला की गुहेत वटवाघळं असतात, आणि त्यांचा वास कपड्यांतून जात नाही. धबधब्याबद्दल म्हणाला, पाणी कमी दिसतंय. साडूला तो इतका पाण्यात पाहू लागला होता, की त्याला सर्दी झाली असती तरी नवल नव्हतं.

तरी एक हुकमाचा पत्ता त्यानं राखून ठेवला होता. एका गिऱ्हाइकानं त्याला एका टेकडीबद्दल सांगितलं होतं. तिच्यावरचे काळे दगड दुसऱ्या दगडानं ठोकले की भांड्यासारखे वाजतात, आणि एकाचा सूर दुसऱ्याला नाही. वाट सुकली की सासऱ्यांना घेऊन जायचं, त्यांच्या हातात एक दगड द्यायचा आणि काही न बोलता नुसतं बघत राहायचं, इतकं सगळं त्यानं मनात रंगवून ठेवलं होतं.

त्या गुरुवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले होते. साडूनं फोन पुढे केला आणि म्हणाला, "या रविवारी बाबांना एक गंमत दाखवणार आहे. वाजणारे दगड."

घड्याळजीच्या अंगाचा तिळपापड झाला. घास गिळायच्या आधीच तो बोलून गेला, "तिकडचा पूल खचलाय. कालच एक गिऱ्हाईक सांगत होतं. गाडी जायची नाही."

साडूचा चेहरा पडला. सासऱ्यांनी घड्याळजीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग ताटात बघून म्हणाले, राहिलं तर मग. घड्याळजीला त्या रात्री छान झोप लागली.

रविवारी मात्र चैन पडेना. साडू बायकोला घेऊन सिनेमाला गेला होता. म्हणजे सासरे मोकळे होते. स्कूटर काढा आणि बाबांना कुठेतरी फिरवून आणा, असं बायकोनं दोनदा सुचवलं. पण जायचं कुठे? टेकडीकडे जावं तर पूल त्यानंच पाडलेला, आणि दुसरीकडे जावं तर वाटेत सासरे पुलाची चौकशी करणार. कोणी सांगितलं, कुठे खचला, कितपत खचला? त्यानं दुकान उघडलं आणि दिवसभर एका बंद अलार्म घड्याळाशी खेळत बसला. निदान साडूही त्यांना घेऊन गेला नाही, एवढंच समाधान.

मंगळवारी संध्याकाळी सासरे दुकानात आले आणि स्टुलावर बसले. गुडघे चोळत म्हणाले, "पूल शाबूत आहे."

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.

"आमच्यातला एकजण अजून तिकडचे मीटर वाचतो, रोज त्याच पुलावरून जातो. त्याला शुक्रवारीच विचारलं होतं."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. पूल खरंच खचलाय म्हणून सांगितलं." सासरे थोडं हसले. "म्हटलं, जावईबापूंना मला एकट्यालाच न्यायचं असणार. आता सरळ विचारायला संकोच वाटत असेल. रविवारी आंघोळ करून, डबा भरून बसलो होतो. ऊन उतरेपर्यंत खिडकीतच होतो."

घड्याळजीनं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. गेला रविवार आयता हाताशी होता, मागच्या सीटवर बसायला सासरा तयार, आणि त्याच्यासाठी खोटं बोलायलाही तयार. तो रविवार साडूनं पळवला नव्हता.

"येत्या रविवारी जाऊ," तो घाईघाईनं म्हणाला. "सकाळीच येतो मी."

"येत्या रविवारचं त्यांना हो म्हणून बसलोय," सासरे म्हणाले. "तिथेच चाललोय. पूल दुरुस्त झाल्याचं तुम्हीच कळवलंत, असं सांगितलं त्यांना. फार खूश झाले. म्हणाले, दादा नसते तर आपल्याला कळलंच नसतं."

ते उठले, काउंटरला धरून उभे राहिले. "तुम्हीही चला. मागे जागा आहे."