अर्धं पोतं

राधेश्याम सरांना ॲनिमेशन येत नाही, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. जुन्या जालन्यात घरच्या भुसाराच्या दुकानावर रिकामी खोली होती. तिथे त्यांनी जुने कॉम्प्युटर मांडले, दाराला पाटी ठोकली आणि ॲनिमेशनची मूलतत्त्वं शिकवायला घेतली. शिकवायचं म्हणजे मोबाइल डोळ्यांपुढे धरून वाचायचं. "उडी मारायच्या आधी माणूस खाली वाकतो. घ्या लिहून." पोरं लिहून घ्यायची. जागेवरून उठून एक उडी मारून बघावी, असं एकालाही वाटलं नाही.

पोरं बहुतेक धान्याच्या आडत्यांची. गल्ल्यावर बसवलं तर गोंधळ घालतात, म्हणून बापांनी वर पाठवून दिलेली. उसळत्या चेंडूचा पहिला धडा आला तेव्हा या दिव्य मंडळींनी चेंडूला चकाकी दिली, खाली सावली पाडली आणि कोपऱ्यात सोनेरी अक्षरात स्वतःची नावं लिहिली. चेंडू मात्र वर पोचताना मंदावायचा नाही की खाली येताना वेग घ्यायचा नाही, अगदी एका चालीत, सरकारी कार्यालयातल्या पंख्यासारखा. सर म्हणायचे, "वा!"

मी परतूरहून रोज रेल्वेने यायचे. मला या लोकांची कीव वगैरे येत नव्हती, किळस यायची. कारण मला हे काम खरोखर हवं होतं, आणि शिकायला जिल्ह्यात दुसरी जागा माझ्या माहितीत नव्हती.

उन्हाळ्यात सरांनी सांगितलं की पुण्याच्या एका स्टुडिओतल्या प्रिया मॅडम आमच्या कार्यक्रमाला येणार आहेत आणि एकाला शिकाऊ म्हणून घेणार आहेत. परीक्षा एकच, पोत्याची. हा धडा नवशिक्यांना सगळीकडे देतात. पिठाचं अर्धं भरलेलं पोतं काढायचं. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. खालचे दोन कोपरे पाय समजायचे, वरचे दोन हात. नुसत्या वाकण्या-झुकण्यातून ते थकलंय की रुसलंय, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

वर्गातल्या एकूण एक पोराने पोतं गच्च भरलं.

"तू अर्धं का काढून राह्यली?" भुजंगने विचारलं. भुजंग सरांचा पुतण्या, म्हणजे वर्गातला मानकरी.

"धड्यातच अर्धं आहे. भरलं तर वाकेल कसं?"

"ते त्यांच्याकडं. आमच्या दुकानात अर्धं पोतं कुणी समोर ठेवत न्हाई. गिऱ्हाईक म्हणतंय, मापात मारलं."

त्याचं पोतं टम्म होतं. तोंड सुतळीने शिवलेलं, पोटावर दुकानाचा लाल मार्का, आणि सुतळीचा टाकान् टाका मोजून घ्यावा इतका साफ. ते उडी मारायचं तेव्हा कुणीतरी धोंडा भिरकावलाय असं वाटायचं. सरांनी मान डोलावली. "बराबर. बिलकुल बाजारातलं दिसतंय." ज्याला हलवायचं ते हलतच नाही, एवढी साधी गोष्ट काका-पुतण्यांच्या डोक्यात शिरली नाही. शिरायला फट नव्हती.

माझं पोतं मी घरून आणलं होतं. माझी आई, प्रभावती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आली की उंबऱ्याशी क्षणभर थांबते, डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबते आणि उजवा पाय आधी आत टाकते. खुर्चीकडे जाताना एक खांदा उतरतो. बसायच्या आधी अंग थोडं पुढे झुकतं, मग सगळं वजन एकदम खाली येतं, आणि त्यानंतर मान. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन बसायचे आणि तिचा पाय कुठल्या वेळी टेकतो ते टिपायचे. ती म्हणायची, "अभ्यास करून राह्यली का?" मी म्हणायचे, "हो."

माझं पोतं तसंच चाललं, तसंच बसलं. पीठ अर्धं होतं पण जीव पुरता होता. हे माझं मीच म्हणते, कारण त्या वर्गात म्हणू शकेल असं कुणी नव्हतं.

सरांनी ते बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे लंगडं काय काढलं? कार्यक्रमाला सगळे आडते येऊन राह्यले, सुमेधा. त्यांच्यापुढं अर्धं पोतं नाचवायचं?"

"सर, परीक्षा अर्ध्या पोत्याचीच आहे."

"बघतो मी," सर म्हणाले. मला तेव्हाच फाइल काढून घ्यायला हवी होती.

कार्यक्रम जालन्यातच, मस्तगडला एका हॉलमध्ये झाला. पुढच्या रांगेत आडते, पांढरे कडक कपडे घालून. प्रिया मॅडम कडेला, मांडीवर कागद घेऊन. माझी आई अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीची साडी नेसून मागे बसलेली. पडद्यावर एकेक पोतं आलं. ज्याच्या त्याच्या दुकानाचा मार्का दिसला की त्याचा बाप टाळ्या वाजवायचा. पोरगं काय शिकलं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, दुकान पडद्यावर आलं यातच सगळे गार.

मग माझं नाव आलं, आणि खाली गच्च भरलेलं पोतं. शिवलेलं तोंड, लाल मार्का. सरांनी भुजंगकडून ते भरून घेतलं होतं. चाल माझीच होती, पण वाकायला कंबर उरली नव्हती. मला त्या दोघांना तिथल्या तिथे झोडपावंसं वाटलं.

"थांबा," प्रिया मॅडम म्हणाल्या. "हे कुणाचं? आकार अगदीच मठ्ठ आहे, पण याला हालचालीच्या वेळेचं भान आहे. इतरांना तेही नाही. सुमेधा कोण? बहुधा तुलाच घेईन मी."

मिळत होती जागा. गप्प बसले असते तर तिथेच मिळाली असती. पण भुजंगच्या टाक्यांवर माझं नाव लागून मी पुण्याला जाणार, हे मला गिळवेना.

"हे माझं नाही, मॅडम."

"तिचंच हाय," सर घाईने म्हणाले. "पोतं जरा भरून दिलं, बास."

"मूळचं दाखवा."

भुजंगने डोकं खाजवलं. "ते न्हाई आता. त्याच्यावरच सेव्ह केलं."

मी उठले आणि पुढच्या मोकळ्या जागेत गेले. सरांची खुर्ची ओढली. "असं होतं," म्हटलं, आणि करून दाखवलं. उंबऱ्याशी थांबावं तशी थांबले. डावा हात गुडघ्यावर दाबला. उजवा पाय आधी टाकला, खांदा सोडला, पुढे झुकले आणि वजन एकदम खाली टाकलं. शेवटी मान.

आडते खो-खो हसले. "पोरीला नाटकात पाठवा!" कुणीतरी ओरडलं. मला त्यांच्या हसण्याची पर्वा नव्हती. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं, आधीपेक्षा सावकाश.

"पुढच्या महिन्यात ये," त्या म्हणाल्या. "आणि हे पुन्हा काढून आण."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती राधेश्याम सरांनी. "आमच्या क्लासची पोरगी!" असं म्हणून त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. लाज नावाची गोष्ट या माणसाला कुणी वाचून दाखवली नसावी.

स्टेशनवर येईपर्यंत मीच एकटी बडबडत होते, सरांना शिव्या, भुजंगला शिव्या. गाडी लागली तेव्हा तिने विचारलं, "अशी चालते मी?"

"आई, ते पोतं होतं."

"मला कळतंय, सुमे." तिचा आवाज चढला नाही. "जा तू पुण्याला. चांगलं झालं. पण रोज दारात बसून एवढं बघून राह्यली व्हतीस, मंग दुखतंय का म्हणून एकदा तरी इचारायचं व्हतं."

माणसं मला धक्के देत पुढे चढत होती. आई डब्याच्या पायरीशी गेली. तिने गुडघ्याला हात लावला नाही. दांडी धरली, दात आवळले आणि डावाच पाय आधी वर टाकला. मी मागे उभी राहून बघत होते, वजन कुठे गेलं ते.