पास झालेली भिंत

आई मलेरियाने गेली आणि पुढच्याच आठवड्यात हिवताप कार्यालयाचे साहेब तिच्या खोलीची भिंत तपासायला आले. थोरली मुलगी त्याच कार्यालयात डासांच्या खोलीत कामाला होती. साहेब सहसा कुणाच्या घरी जात नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून आधी तिला बरंच वाटलं. पण उंबऱ्यातच साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि खोलीचं सगळं काम एका हाताने उरकलं.

वास होता, हे खरं. पडून मांडीचं हाड मोडल्यापासून आई वर्षभर त्याच पलंगावर होती. मलम, ओले कपडे, अंथरुणाखालचं भांडं आणि या सगळ्यावर भिंतीवरच्या औषधाचा तो जुन्या गोळ्यांच्या डब्यासारखा दर्प. थोरलीलाही मळमळायचं, पण तिने कधी नाक धरलं नव्हतं.

तपासणी सोपी असते. पारदर्शक प्लास्टिकचे पेले भिंतीवर उपडे चिकटवायचे, भोकातून आत डास सोडायचे, अर्धा तास त्यांना औषध मारलेल्या भिंतीवर बसू द्यायचं. मग काढून दुसऱ्या दिवशी किती मेले ते बघायचं. इथे दुसऱ्या दिवसाची गरजच पडली नाही. अर्धा तास व्हायच्या आतच सगळे डास पाय वर करून पडले. साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा फवारणी पथकाचे निवृत्त मुकादम. ही खोली त्यांनी स्वतःच्या हाताने फवारली होती.

"एक नंबर काम, मुकादम. भिंत पास," साहेब म्हणाले. "बाईंना बाहेर कुठेतरी डास चावला असणार. संध्याकाळी जरा फिरायला वगैरे जात असतील."

"आई पलंगावरून उठत नव्हती, साहेब," थोरली म्हणाली.

साहेबांनी पलंगाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग डास खिडकीतून आला असेल आणि खिडकीतूनच गेला असेल, असं म्हणून त्यांनी चहाचा कप अर्धा ठेवला आणि निघाले. बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकी मिळालेल्या पोरासारखं हसू होतं, आणि ते पाहून थोरलीला आपल्या बापाची शिसारी आली. अशी पहिल्यांदाच आली.

कारण ते मेलेले डास तिनेच वाढवलेले होते. डासांच्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यांतून एकच कुळी कित्येक वर्षं पोसली जात होती. थोरली नोकरीला लागली त्याच्याही आधीपासून. खाली ट्रेमध्ये अळ्यांचं वळवळतं गढूळ पाणी, त्यावर टाकलेल्या कातींची साय आणि कुजक्या माशांच्या खाद्याचा वास. वर पिंजऱ्यात माद्या. त्यांच्यासाठी जनावराचं रक्त कोमट करून पातळ कातडीच्या पिशवीत भरायचं आणि पिंजऱ्यावर टेकवायचं. मग त्या खालून सोंडा खुपसून फुगत राहायच्या, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल. कार्यालयात सगळे त्यांना माहेरवाशिणी म्हणत. आयतं खायचं, वारा लागू द्यायचा नाही. या कुळीतल्या एकीनेही जन्मात कधी औषध हुंगलेलं नव्हतं. वाऱ्यावरून नुसता वास आला तरी त्या माना टाकत. यांना भिंतीवर बसवून भिंत पास करायची, म्हणजे आजन्म दुधावर वाढलेल्याला मिरची चारून मिरचीचं कौतुक करायचं.

बाहेरच्या डासांचं तसं नव्हतं. ते वर्षानुवर्षं याच औषधात न्हात आले होते. त्यातले मरायचे ते मेले, आणि ज्यांना काही झालं नाही त्यांचीच पोरंबाळं आता घरोघर होती. तपासणीला हे बाहेरचे डास वापरू या, असं थोरलीने साहेबांना दोनदा सुचवून पाहिलं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं: बाहेरच्या डासांचं वय कोण सांगणार? कुणाचं पोट भरलेलं, कुणाचं रिकामं. नियमात बसत नाही. आणि साहेबांसकट सगळ्या स्टाफच्या क्वार्टरना खिडक्यांवर बारीक जाळ्या होत्या. थोरलीच्या खोलीलाही होत्या. भिंतींना औषध असताना जाळ्या कशाला, हे तिथे कुणी कुणाला विचारत नसे.

इतकं होऊनही ती मूग गिळून बसली असती कदाचित. आई काही परत येणार नव्हती. पण धाकटी यायची होती. तिचा नवरा बोटीवर, तो सहा महिने तरी येत नव्हता, आणि तिचे दिवस भरत आलेले. रविवारी ती सामान घेऊन येणार आणि आईच्याच खोलीत राहणार, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ती खोली हवेशीर, न्हाणीघर लागून. पोटुशीला मलेरिया झाला तर काय होतं हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथे एक जीव जाऊन थांबत नाही.

"मच्छरदाणी लावू या," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने त्यांच्या जेवणावर झाकण ठेवलं. त्यांच्या घरात, त्यांनी फवारलेल्या भिंतींच्या आत, मच्छरदाणी? आईची होती तीही त्यांनीच काढून ठेवली होती. तिचा जीव घुसमटतो म्हणाले होते. शिवाय आल्यागेल्याने पाहिलं तर काय म्हणेल? उलट शनिवारी आपण पुन्हा एक हात मारून घेऊ, त्यांनी सांगितलं. पंप धुऊन ठेवला होता. औषधही मिळालं होतं. तेच.

शुक्रवारी सकाळी थोरली खोली आवरायला आली. पिशवीत कार्यालयातून आणलेले पेले आणि डबीभर माहेरवाशिणी होत्या. बाबा बाहेरच्या खोलीत दाढी करत होते. तिने पलंग ओढला आणि ती तिथेच उभी राहिली.

या घरात भिंती पुसायच्या नसत. फवारणीवाल्यांचा तो दंडकच: औषध मारलं की भिंतीला चुना नाही, फडकं नाही, ओला हात नाही. लहानपणी दोघी बहिणींनी पेन्सिलीने काढलेला ससा बाबांच्या धाकाने कित्येक वर्षं तसाच राहिला होता. आईला या भिंतींचा उबग यायचा. लोकांची घरं कशी लखलखीत असतात, म्हणायची, आणि आमच्याकडे तेवढा पोपड्यांचा संसार. पण तिने कधी फडकं लावलं नाही. त्यामुळे पलंगाला लागून, निजल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर, सगळं जसंच्या तसं होतं. तपकिरी फराटे. डाग. काही बोटाएवढे, काही तळव्याएवढे, काहींत अजून एखादा पाय, पंखाचा तुकडा चिकटलेला. एकावर एक, उशीपासून कमरेच्याही खालपर्यंत.

आई डास मारत होती. पास झालेल्या भिंतीवर निवांत बसलेले, तिचंच रक्त पिऊन जड झालेले डास ती रोज हाताने चिरडत होती. आणि घरात दोन माणसं डासांच्या खात्यातली.

थोरलीने पिशवीतून चोषनळी काढली. काचेच्या नळीला रबरी नळी, मध्ये जाळी. एक टोक डासाजवळ धरायचं आणि दुसरं तोंडात धरून श्वास आत ओढायचा. कपाटामागच्या अंधारात ते बसलेच होते, शेपटी वर करून, तिरके. तिने एकेक ओढून घेतला. जिभेवर रबराची आणि धुळीची चव आली. सगळ्यांची पोटं लाल होती. आई गेल्यापासून या खोलीत बाबा झोपत होते.

तिने बाबांना बोलावलं आणि खुर्ची दिली. भिंतीवर दोन पेले शेजारी शेजारी चिकटवले. एकात पिंजऱ्यातल्या माहेरवाशिणी, दुसऱ्यात कपाटामागच्या. काही समजावून सांगितलं नाही. या माणसाने उभी हयात हेच काम केलं होतं.

माहेरवाशिणी थोड्याच वेळात गडगडल्या. बाबांनी मान हलवली. दुसऱ्या पेल्यातल्या मात्र भिंतीवर बसून मागचे पाय एकमेकांवर घासत होत्या. एकीने शेपटीतून लाल थेंब सोडला. अर्धा तास झाला तेव्हा एक तेवढी लंगडत होती.

"ह्या भरल्या पोटाच्या आहेत," बाबा म्हणाले. "भरल्या पोटाचा डास टिकतो जरा. यावरून काही ठरत नसतं."

साहेबांचेच शब्द, साहेबांच्याच सुरात. थोरलीने रागाने बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"माणसाला चावून जो भिंतीवर येऊन बसतो तो भरल्या पोटाचाच असतो, बाबा. त्यालाच मारायला आपण भिंत फवारतो ना?"

तिने त्या जिवंत माद्या कागदी पेल्यात घातल्या, वर जाळी बांधली, जाळीवर साखरपाण्याचा बोळा ठेवला. उद्या बघू, म्हणाली. तुमची फवारणी चोख आहे, हेही तिने सांगितलं, आणि ते खरं होतं. सांगताना तिला वाटलं, एखाद्याच्या तोंडात मारायचं असेल तर याहून नेमकी जागा सापडायची नाही.

शनिवारी ती आली तेव्हा पंप दाराशी भरून ठेवलेला होता आणि बाबा टेबलाशी बसले होते, समोर तो पेला. आत सगळ्या उडत होत्या. लंगडीसुद्धा. बाबांनी जाळी जराशी सैल केली, अंगठा आत घातला आणि पेल्याच्या कडेला एकेकीला दाबून टाकलं. घाई नाही, चुकवणं नाही. शेवटची दाबल्यावर त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. त्यांचंच रक्त, दिवसभर मुरून काळं पडलेलं. पुरावा गेला, थोरलीच्या मनात आलं. तसाही साहेबांनी तो मानला नसता. तिला डबक्यांतून अळ्या आणून, वाढवून, नियमात बसवून पुन्हा सगळं करावं लागणार होतं, आणि ती ते करणार होती.

बाबांनी डाव्या हाताने फोन लावला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे. धाकटीने उचलताच सामान भरून झाल्याचं सांगितलं. पाय सुजलेत म्हणाली, बाळ रात्रभर लाथा मारतंय, आजोबांवर गेलंय.

"इकडे येऊ नकोस," बाबा म्हणाले. "ताईकडे जा. तिच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. मच्छरदाणीत झोप."

"का? तुम्ही फवारणार होतात ना आज?"

बाबांनी दाराशी ठेवलेल्या पंपाकडे पाहिलं. "औषध चालत नाही आता. डास मरत नाहीत त्याने."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"मग आईच्या वेळी?"

बाबांनी फोन उजव्या हातात घेऊन थोरलीपुढे धरला. अंगठ्यावरचा डाग स्क्रीनच्या कडेला लागला होता. थोरलीने फोन घेतला. त्या डागाला बोट लागू नये म्हणून तिने तो टोकाला धरला.

"आईच्या वेळीही चालत नव्हतं," ती म्हणाली. "उद्या मी घ्यायला येते. खाली एकटी उतरू नकोस."

बाबा उठले. दाराशी जाऊन त्यांनी पंप उचलला, न्हाणीघरात नेला, आणि मग औषध मोरीत ओतायचं नसतं हे आठवून तो हातात धरून तसेच उभे राहिले.