राखाडी मोज्यातली बाटली

आमच्या जेवणाचा नियम साधा आहे. ज्याने त्याने वाइनची एक बाटली आणायची, किंमत अशी की देताना जीव हळहळू नये आणि सांगताना लाज वाटू नये. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांना पायमोजे चढवायचे. मोजे धुतलेले असतात, दर वेळी विचारू नका! गुणबिण कोणी देत नाही. आधी संपेल ती जिंकली, आणि जिच्यात सगळ्यात जास्त उरेल तिच्या मालकाने भांडी घासायची.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. धाकट्या भावाने विमा कंपनीतून बिनपगारी रजा काढून, एका म्हाताऱ्या द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये हंगामभर राबून स्वतःची वाइन केली होती. साहेबांना सोमवारी उत्तर हवं होतं, परत येतोस की जागा दुसऱ्याला देऊ?

"ताई, आज तुमच्या टेबलावर ठेवून बघतो. माझी आहे म्हणून कुणाला सांगू नकोस. नाही आवडली, तर सोमवारी गुपचूप टाय बांधतो."

टाय बांधतो म्हणे! त्या शेडमध्ये हे पोर कसं उजळलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हटलं, बघतेच कशी आवडत नाही ती. मोजे मीच चढवले. त्याच्या बाटलीला हिरवा, माझ्या बाटलीला राखाडी. माझी काय, दुकानदाराने हातात ठेवली ती आणली होती. बुचं काढायला मात्र तोच स्वयंपाकघरात गेला.

जेवायला आणखी दोघंच होते, आपापली बाटली घेऊन आलेले. आमचा दातांचा डॉक्टर आणि शाळेत भूमिती शिकवणारी माझी मैत्रीण. भाजलेली कोंबडी आली, बटाटे आले, आणि मी सुरू झाले.

"अहाहा! हिरवी घेऊन बघा. याला म्हणतात वाइन!"

डॉक्टरने घोट घेतला. "ठीक आहे."

"ठीक? दिवसभर लोकांच्या तोंडात बघून तुझ्या तोंडाची चव गेलीय."

"आणि राखाडी?" मैत्रिणीने विचारलं.

"ती? खोकल्याचं औषध बरं." स्वतःच्याच बाटलीला शिव्या द्यायला कुणाच्या बापाची भीती?

भाऊ मान खाली घालून पाव चिवडत होता. मग गप्पा रंगल्या. डॉक्टरने एका पेशंटने त्याचं बोट कसं चावलं ते साग्रसंगीत करून दाखवलं, मैत्रीण हसून हसून खुर्चीतून घसरली, आणि मी हिरवी विसरले.

"अरे, राखाडी संपली?" डॉक्टर बाटली उलटी करून हलवत होता. "शेवटचा घोट कुणी मारला?"

सगळ्यांनी माझ्या पेल्याकडे पाहिलं. भावाने मोजा ओढून काढला. आत बिनलेबलाची बाटली.

"ही मी केलीय," तो म्हणाला.

"अरे पण हिरव्यात..."

"मोजे बदलले मी. तू माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलणार, हे काय मला माहीत नाही?"

माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. "मेल्या, मी तिला खोकल्याचं औषध म्हटलं रे!"

"म्हण की. शिव्या देत होतीस आणि सारखी तीच ओतून घेत होतीस. मी तुझ्या हाताकडेच बघत होतो, ताई."

मला रडूच फुटलं. डॉक्टर आणि मैत्रीण त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि मी भरल्या डोळ्यांनी त्याला गाढवा, गाढवा म्हणत होते. हिरवी बाटली जवळजवळ भरलेली होती. नियम म्हणजे नियम, मी उठून भांड्यांना लागले.

तो शेजारी येऊन उभा राहिला आणि ताटं पुसू लागला. फडकं लगेच भिजलं.

"दुसरं आहे का गं?"

"नाही."

"सोमवारनंतर पुसायला माझे टाय आणून देतो," तो म्हणाला.